तापीकाठची जुनी वाट पुस्तकांतून कशी वाचावी

वाचनालयात प्रवासवर्णनं एका कपाटात, रानावनाची पुस्तकं दुसऱ्यात आणि समाजाचा इतिहास तिसऱ्यात असतो. घरी आणताना मात्र तिन्हींतलं एकेक आणा आणि ती एकाच मुलखाची असतील असं बघा. मी निवृत्त शिक्षिका, चोपड्यात राहते. रविवारी सकाळी आम्ही काही जण वाचायला बसतो: कॉलेजची मुलं, केळीवाले शेतकरी, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. आमचा मुलूख ठरलेला आहे. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूरला जाणारी जुनी वाट. एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला सातपुडा. तुम्ही चाळीसगावचे असाल तर पाटणादेवीचं रान धरा, साक्रीचे असाल तर पांझरेचं खोरं. अख्खा खानदेश एकदम धरू नका. अक्कलकुव्याचे डोंगर आणि रावेरची केळीची जमीन एका दमात वाचायला गेलं की दोन्ही हातून निसटतात.

सुरुवात प्रवाशापासून करा. आमच्या वाटेवरून सतराव्या शतकात ज्याँ बाप्तिस्त टॅव्हर्नियर हा फ्रेंच जवाहिऱ्या गेला. त्याचं पुस्तक १६७६ साली पॅरिसला छापलं गेलं. इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. शेजारी नकाशा उघडा ठेवा आणि गावांची नावं मोठ्याने म्हणा. नसरबार म्हणजे नंदुरबार आणि चोपरे म्हणजे आमचं चोपडा, हे कानाला लगेच कळतं. मग वहीत तीन गोष्टी लिहा: याचा धंदा काय, हा कोणत्या ऋतूत आला, याच्यासोबत कोण होतं. टॅव्हर्नियर व्यापारी होता, म्हणून नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो हे त्याने टिपलं, बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जातं हे टिपलं. तो तांदूळ लावणारी बाई त्याच्या पुस्तकात नाही. तिच्यासाठी वहीत एक ओळ कोरी सोडा. अशा कोऱ्या ओळी भरायला तिसरं कपाट उघडावं लागतं.

पुस्तक हातात घेतलं की प्रस्तावनेआधी आवृत्तीची माहिती वाचायची सवय लावा. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी तो छापला तेव्हा मजकुरात बराच फेरफार केला होता. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. आधी कुठला वाचायचा असं मला कोणी विचारलं तर मी पोतदारांचाच हातात देते.

आता तीन कपाटं एकमेकांना कशी जोडायची ते एका उदाहरणाने सांगते, कारण खरा आनंद इथेच आहे. टॅव्हर्नियरने माल वाहणाऱ्या बंजाऱ्यांचं वर्णन केलंय. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा, कोणाकडे फक्त धान्य, कोणाकडे फक्त मीठ, सोबत बायकापोरं. समोरून तांडा आला की प्रवाशाला वाटेत खोळंबून राहावं लागे. हे वाचून झालं की मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, खानदेशचा खंड काढा. तो १८८० साली निघाला. मधल्या काळात, १८६०च्या दशकात, भुसावळमार्गे रेल्वे आलेली होती. बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात गेला. लोकसंख्येच्या प्रकरणात बंजारा शोधा, मग व्यापाराच्या प्रकरणात रस्ते आणि रेल्वे शोधा, आणि दोन्ही पानं समोरासमोर ठेवून वाचा. त्यानंतर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल वाचा, ज्याने फिरत्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. आज महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या यादीत आहे. ज्यांच्या बैलांवरून आलेल्या धान्यावर मुघलांच्या फौजा जेवल्या, त्यांच्यापुढे ‘विमुक्त’ हा शब्द कसा येऊन लागला, हे एका कुठल्या पुस्तकात सापडत नाही. तुमच्या तालुक्यातल्या तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, जाऊन तिथल्या नायकाशी बोललात तर पुढचा भागही कळेल.

गॅझेटियरबद्दल एक सावधगिरी हवीच. तो साहेबाने साहेबासाठी लिहिलेला ग्रंथ आहे. पिकं, नद्या, बाजार, घाट यांची माहिती भरघोस आणि बरीचशी विश्वासाची. भिल्लांविषयी किंवा पारध्यांविषयी ‘आळशी’, ‘लुटारू’ अशी विशेषणं आली की थांबा. त्या समाजाची जमीन आणि जंगल त्या काळात कोणाकडे गेलं ते आधी शोधा. पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, दमछाक होते. शेवटचं गावांचं प्रकरण उघडा आणि स्वतःचं गाव काढा.

निसर्गाची पुस्तकं वाचताना मी एकच आग्रह धरते: कोणी पाहिलं, कुठे, कोणत्या तारखेला आणि पुरावा काय. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे. रानपिंगळा हे एक छोटं घुबड. त्याची शास्त्रीय नोंद १८७३ची. १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळवल्याचा दावा केला, आणि शोधणारे तिकडे भटकत राहिले. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच होता, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत सापडला. आमच्या मुलांना मी हे दरवर्षी सांगते, आणि मग त्यांच्या वहीत तारीख, वेळ, झाडाचं नाव आहे का ते तपासते. हा पिंगळा दिवसाउजेडी वावरतो, सागवानाच्या पानगळीच्या रानात उघड्या फांदीवर बसलेला दिसू शकतो. दिसला तर हाका मारू नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका.

मोहाच्या झाडाची पुस्तकं फाल्गुन-चैत्रात वाचा, फुलं पडत असताना. सातपुड्याच्या पाड्यांवर बायका उजाडायच्या आत मोह वेचायला निघतात. वनखात्याची परवानगी आणि तिथल्या पावरा आदिवासी समाजातला ओळखीचा सोबती घेऊन एकदा त्यांच्यासोबत जा. घरी आलात की १८७८ साल उघडा. त्याच एका वर्षी भारतीय वन कायदा आला आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. रान राखीव झालं आणि त्या फुलाची दारू गाळायला सरकारचा परवाना लागू लागला. झाडाचं वर्णन करणारं पुस्तक हे सांगत नाही, कायद्याचं पुस्तक फुलाचा वास सांगत नाही. दोन्ही वाचा. मग २००६चा वनहक्क कायदा वाचायला घ्या. तोवर तो कोरडा वाटणार नाही.

कोऱ्या ओळींसाठी घरातली म्हातारी माणसं गाठा, पण सनावळी विचारू नका. ‘आज्जी, तुमना लगीनना टाईमले गावमा काय काय व्हतं?’ असं अहिराणीत विचारा, पुढचं आपोआप येतं. आमच्याकडे सगळ्यांचं मोजमाप बहात्तरच्या दुष्काळावरून चालतं: त्याआधी, त्यानंतर. खडी फोडायचं काम, सुकडी, परदेशातून आलेली लाल ज्वारी, यातलं एकेक विचारत गेलात की मजुरी, जात आणि पाणवठा सगळं बोलण्यात येतं. बाईशी बोलायला बाईने बसावं. सांगणाऱ्याच्या शब्दांतच लिहून घ्या, आणि नाव छापू का हे आधी विचारा.

वहीत प्रश्न साचले की धुळ्याला जा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मंडळाचं ‘संशोधक’ हे त्रैमासिक चाळायला सवड ठेवा. जाताना गावाचं जुनं नाव, परगणा आणि साधारण कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत बघायचंय ते कागदावर लिहून न्या. ‘आमच्या गावाचा इतिहास हवाय’ एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही. जुने कागद मोडीत असतात, तेव्हा गटातल्या निदान एकाने मोडी शिकावी. आमच्यातली एक मुलगी शिकते आहे. पावसाळ्यात शेतीची कामं आटोपली की थाळनेरविषयी काय मिळतंय ते बघायला तिला घेऊन जायचं ठरलंय.