डीएनएस बदलला, तरी डेटाबेस जुन्याच पत्त्यावर जातोय? असं शोधा

परवा रात्री हिंजवडीतल्या एका ऑफिसातून मित्राचा फोन आला. जुना डीएनएस सर्व्हर (मशीनचं नाव आणि आयपी पत्ता यांची जोडी सांगणारा) बंद केलाय, नव्याचा पत्ता रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या लिनक्सच्या फाइलीत टाकलाय (कोणत्या डीएनएसला विचारायचं ते तिच्यात असतं), डीएनएस तपासणारी डिग कमांड झटकन बरोबर उत्तर देतेय. पण मायएसक्यूएल डेटाबेसला नवं कनेक्शन जोडायला १० सेकंद लागतायत. आकडा ऐकूनच अंदाज आला. लिनक्स डीएनएसच्या उत्तरासाठी ५ सेकंद थांबतं आणि २ वेळा विचारतं. म्हणजे डेटाबेस अजून बंद सर्व्हरलाच विचारत होता.

आधी फाइल पुन्हा उघडा. नेटवर्कची सेटिंग सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर ती परस्पर बदलून टाकतो. आत १२७.०.०.५३ दिसलं, तर कारभार सिस्टमडी-रिझॉल्व्हड या मशीनवरच्याच डीएनएस सेवेकडे आहे. बदल त्याच्या सेटिंगमध्ये करा.

फाइल ठीक असेल, तर डिगवर विसंबू नका. डिग दर वेळी नव्याने सुरू होतं, फाइल ताजी वाचतं. डेटाबेसची प्रोसेस महिनोन्‌महिने चालू असते, आणि प्रोग्रॅमसाठी डीएनएसला विचारणाऱ्या ग्लिबसी लायब्ररीच्या २.२६ आधीच्या आवृत्त्या ती फाइल प्रोसेसमध्ये एकदाच वाचतात. २.२६ आली २०१७ मध्ये. मित्राचं मशीन सेंटओएस ७ चं, म्हणजे ग्लिबसी २.१७.

तरीही अंदाजावर रीस्टार्ट करू नका, डोळ्यांनी बघा. डेटाबेसच्या सर्व्हरवर नेटवर्कची ये-जा दाखवणारं टीसीपीडंप लावून पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या पोर्टवर, नजर ठेवा आणि डेटाबेस सुरू झाल्यापासून एकदाही न जोडलेल्या मशीनवरून लॉगिन करा. मायएसक्यूएल येणाऱ्या आयपीचं नाव डीएनएसला विचारतं. मित्राच्या स्क्रीनवर जुन्या सर्व्हरचा पत्ता उमटला, ५ सेकंद काहीच नाही, मग पुन्हा तोच पत्ता. शंका मिटली.

इलाज म्हणजे मायएसक्यूएलची सर्व्हिस रीस्टार्ट करणं. अख्खं मशीन नव्हे. मोठे व्यवहार संपू द्या, ॲपवाल्यांना आधी कळवा.

विलंब नसेल, फक्त मशीनचं नाव जुनंच येत असेल, तर ते होस्ट कॅशमध्ये, म्हणजे मायएसक्यूएलने लक्षात ठेवलेल्या नावांच्या यादीत, अडकलेलं असतं. फ्लश होस्ट्स कमांड चालवा, मायएसक्यूएल ८.०.२३ पासून त्याऐवजी परफॉर्मन्स स्कीमातलं होस्ट कॅश टेबल ट्रंकेट, म्हणजे रिकामं, करायचं.

माझं मत विचाराल, तर डेटाबेसने लॉगिनसाठी डीएनएसवर अवलंबूनच राहू नये. स्किप-नेम-रिझॉल्व्ह हे सेटिंग चालू करा, मग तो नाव न विचारता फक्त आयपी बघतो. पण त्याआधी युजर टेबलचा होस्ट कॉलम ओळीने वाचा: जिथे मशीनचं नाव आहे तिथे आयपी घाला, नाहीतर ते युजर रीस्टार्टनंतर बाहेरच राहतील.