माउथ ऑर्गन: भोकं नव्हे, अंतरं मोजा

'४ फुंका, ४ ओढा, ५ फुंका' असे भोकांचे आकडे पाठ करून गाणं वाजतं. पण एखादा सूर त्या आकड्यांत सापडेना की हात थांबतो. मी पहिली दोन वर्षं अशीच काढली. दोन सुरांमधलं अंतर मोजायला लागलो, तेव्हा कुठे वाद्य कळलं.

वाद्य साधं १० भोकांचं, 'सी' सुराचं घ्या. दुकानात बऱ्याचदा २४ भोकांचं ट्रेमोलो हातात देतात. त्यात एकाच सुराच्या दोन पत्त्या (आत कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्या) किंचित वेगळ्या लावलेल्या असल्यामुळे आवाज थरथरतो. ऐकायला गोड, पण खाली जे करायचंय त्याला निरुपयोगी.

आता पेटी घ्या, किंवा मोबाइलवरचा पियानो. पांढरी एक म्हणजे सा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत वर चला. सा स्वतः मोजायचा नाही, इथे हमखास चूक होते. रे २ वर, ग ४, म ५, प ७, ध ९, नि ११, वरचा सा १२. म्हणजे ग-म आणि नि-सा या दोनच जागी अंतर एका पट्टीचं.

हेच वाद्यावर: ४ फुंक सा, ४ ओढ रे, ५ फुंक ग, ५ ओढ म, ६ फुंक प, ६ ओढ ध. सातव्यात क्रम उलटतो: आधी ओढ नि, मग फुंक सा. खालच्या तीन भोकांत फुंकून सा-ग-प, ओढून रे-प-नि. म आणि ध गायब! ही रचना स्वरमेळासाठी केलेली आहे. शेजारची कुठलीही तीन भोकं एकदम फुंका, सा, ग आणि प एकत्रच वाजतील.

कानाची तयारी तंबोऱ्यावरून करा. पहिली तार मंद्र पंचम (खालचा प), पुढची षड्ज (सा). ३ फुंकून लगेच ४ फुंका, तेच अंतर: ५ पट्ट्या. मग ४ फुंक ते ६ फुंक, सा-प: ७ पट्ट्या. सूर तेच, फक्त वर-खाली झाले, म्हणून बेरीज १२. आधी गाऊन मग वाजवा.

आता गायब सूर. ओढताना जीभ मागे घेत 'ई'चा 'ऊ' केला की सूर मींडेसारखा खाली उतरतो. याला बेंड म्हणतात. जोर लावू नका, पत्ती बिघडते. किती उतरेल ते त्या भोकातल्या फुंक आणि ओढ यांच्या अंतरावर ठरतं: अंतरातून एक वजा करा. तिसऱ्यात प-नि, अंतर ४, म्हणून तीन सूर: कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध (कोमल म्हणजे शुद्धाच्या एक पट्टी खाली). दुसऱ्यात ग-प, अंतर ३, म्हणून दोन: तीव्र म (शुद्धाच्या एक पट्टी वर), शुद्ध म. सापडले दोन्ही! चौथ्यात फक्त कोमल रे. पाचव्यात अंतरच १, तिथे कितीही खटपट करा, काही मिळत नाही. पहिल्या सहा भोकांत बेंड ओढून होतो, आठव्यापासून पुढे फुंकून.

म्हणजे मधल्या सप्तकात कोमल ग नाही. मग कोमल ग लागणाऱ्या काफी थाटाचं काय? सा हलवा. ४ ओढला सा म्हणा आणि कुठेही बेंड न करता चढा: ५ फुंक, ५ ओढ, ६ फुंक, ६ ओढ, ७ ओढ, ७ फुंक, ८ ओढ. अंतरं येतात २, ३, ५, ७, ९, १०, १२. ग आणि नि कोमल, काफी थाट तयार. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. ६ फुंकला सा धरलात तर फक्त नि कोमल, म्हणजे खमाज. ब्लूजवाले याच सुरात वाजवतात, फक्त सुरुवात बहुधा खालच्या २ ओढपासून करतात.

५ ओढला सा धरून तुम्हीच मोजून बघा. चौथा सूर ५ वर नाही, ६ वर येतो.