फॅशन डिझाइनच्या शिक्षणाला पैसा: कोणती योजना कुणाला, आणि अर्ज नेमका कुठे अडतो

फॅशन डिझाइनला शिष्यवृत्ती मिळते का, हा प्रश्न प्रवेश झाल्यावर विचारला की निम्मे दरवाजे तोवर बंद झालेले असतात. कारण बहुतेक सरकारी योजना तुम्ही काय शिकता यापेक्षा कुठे शिकता आणि प्रवेश कोणत्या वाटेने घेतला हे आधी बघतात. म्हणून कॉलेज ठरवायच्या आधीच हा हिशोब मांडा.

पहिली तपासणी मान्यतेची. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरताना संस्था आणि अभ्यासक्रम तयार यादीतून निवडावे लागतात, हाताने लिहिता येत नाहीत. गल्लोगल्ली निघालेल्या ‘फॅशन इन्स्टिट्यूट’चे एक वर्षाचे, दोन वर्षांचे डिप्लोमे बहुतेकदा या यादीत नसतातच. संस्था स्वतःच प्रमाणपत्र देते. मागे विद्यापीठ नसतं, तंत्रशिक्षण मंडळ नसतं. अशा ठिकाणी ‘स्कॉलरशिप’ म्हणून जे सांगतात ती फीमधली सूट असते, आणि ती सूट धरूनच फी फुगवलेली नाही ना, हे पाहायला हवं. चौकशीला गेलात की समुपदेशकाला विचारू नका. कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं काम बघणारा लिपिक गाठा आणि विचारा, ‘गेल्या वर्षी याच कोर्सचे महाडीबीटीवर किती अर्ज मंजूर झाले?’ उत्तरात आकडा आला तर ठीक. ‘होऊन जातं’ असं उत्तर आलं, तर होत नाही असं समजा.

दुसरी तपासणी प्रवेशाच्या वाटेची. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. शिकवणी फीच्या निम्मी रक्कम मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ही बातमी वाचून अनेक घरांत फॅशन डिझाइनची गणितं मांडली गेली, पण त्यात दोन अटी सुटतात. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. आणि खासगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं या सवलतीत येत नाहीत. पुण्यामुंबईकडचे डिझाइनचे बरेचसे पदवी अभ्यासक्रम नेमके खासगी विद्यापीठांत आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागाही बाद.

निफ्टचं गणित वेगळं. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी, म्हणजे निफ्ट, ही केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था, २००६ च्या निफ्ट कायद्याने चालणारी. मुंबईची शाखा खारघरला आहे. प्रवेश स्वतःच्या परीक्षेतून होतो, कॅपमधून नाही. त्यामुळे वरची शाहू महाराज योजना इथे धरून चालू नका. इथे केंद्राच्या योजना लागू पडतात, आणि त्या जास्त घसघशीत आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘टॉप क्लास एज्युकेशन’ योजनेच्या यादीत निफ्ट आणि एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) दोन्ही आहेत. उत्पन्न मर्यादा ८ लाख. पूर्ण शिकवणी फी मिळते. शिवाय राहणं, पुस्तकं, संगणक यांसाठी पहिल्या वर्षी ८६,००० आणि पुढे दरवर्षी ४१,००० रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशाच योजनेची मर्यादा ६ लाख आहे. ओबीसी, ईबीसी (आर्थिक मागास) आणि भटक्या-विमुक्तांसाठी ‘पीएम यशस्वी’खाली मर्यादा एकदम अडीच लाखांवर येते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर करायचा. प्रत्येक संस्थेला नव्या विद्यार्थ्यांच्या जागा ठरवून दिलेल्या असतात, त्यामुळे ‘दुसऱ्या वर्षी बघू’ ही चैन परवडत नाही.

यांपैकी कशातही न बसणाऱ्यांनी निफ्टच्याच आर्थिक साहाय्य योजनेकडे बघावं. ती जातीवर नाही, घरच्या उत्पन्नावर आहे. उत्पन्न जितकं कमी तितका फीचा जास्त भाग मिळतो. टप्पे त्या वर्षीच्या सूचनेत वाचा, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवरून ठरवू नका. आणि कोणतीही योजना असो, पहिल्या सेमिस्टरची फी हाताशी ठेवूनच प्रवेशाला जा. शिष्यवृत्तीचे पैसे येतात, पण प्रवेशाच्या दिवशी येत नाहीत.

बारावीला चांगले गुण असतील तर केंद्राची सीएसएसएस (सेंट्रल सेक्टर स्कीम) शिष्यवृत्ती लहान असली तरी सोडू नका. आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असणं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणं, एवढीच मुख्य अट. पदवीची पहिली तीन वर्षं १२,००० आणि चार वर्षांच्या कोर्सला चौथ्या वर्षी २०,००० मिळतात. मात्र दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही चालत नाही. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, आणि फॅशनच्या मुलांची हजेरी बहुधा ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायच्या, आठवड्यात कोसळते!

दहावीनंतर डिप्लोमाला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ‘प्रगती’ योजना आहे: वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. संस्था एआयसीटीई मान्यताप्राप्त हवी, म्हणून निफ्टला ही लागू नाही. पण तंत्रनिकेतनातल्या ‘ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंग’ डिप्लोमाला विचारून बघण्यासारखी आहे. अर्ज पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश असेल तर तेव्हा. आणि ज्यांना आधी हात बसवायचा आहे, त्यांनी आयटीआयमधला ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड हसण्यावारी नेऊ नये. फी नाममात्र, आणि पॅटर्न काढणं व शिवण यात पुढे कामी येणारा सराव.

राहण्या-जेवण्याच्या खर्चाच्या योजना वेगळ्या असतात. फीची योजना मिळाली म्हणून त्या आपोआप मिळत नाहीत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’मधून मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, इतर शहरांत रक्कम कमी होत जाते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, ओबीसींसाठी ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार’, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

आता या शिक्षणाचा खास खर्च, जो कुठल्याच शिष्यवृत्तीच्या फॉर्मात दिसत नाही. कापड, मांजरपाट, धागे, झिपा, छपाई, रंगाई, पोर्टफोलिओचे प्रिंट, क्राफ्ट क्लस्टरला (कारागिरांच्या गावी) जाण्या-येण्याचा खर्च, मॉडेल, फोटो. शेवटच्या वर्षाचं कलेक्शन सहा पोशाखांचं धरा. प्रत्येक पोशाखाच्या टॉयलला, म्हणजे चाचणीसाठी शिवलेल्या कच्च्या पोशाखाला, चार मीटर मांजरपाट आणि किमान दोन फिटिंग, दर वेळी नवा टॉयल, म्हणजे ४८ मीटर मांजरपाट नुसतं चाचणीलाच गेलं. घेरदार किंवा तिरक्या कापाचे पोशाख असतील तर दीडपट धरा. खरं कापड, अस्तर, कॅनव्हास, हातकाम करणाऱ्या कारागिराची मजुरी हे त्यानंतर. हा आकडा पहिल्या वर्षीच मांडला तर तो शैक्षणिक कर्जात बसवता येतो. नंतर मांडला तर घरून मागावा लागतो.

बँका इथेच उपयोगी पडतात. आयबीएच्या (बँकांच्या संघटनेच्या) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिकवणी फीखेरीज उपकरणं, संगणक, वसतिगृह, अभ्याससहल आणि प्रकल्पाचा खर्चही धरता येतो. अनामत रक्कम मात्र एकूण शिकवणी फीच्या १० टक्क्यांपर्यंतच. पण बँक फक्त कागदावर असलेलंच मोजते. कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षवार खर्चपत्रक घ्या आणि त्यात ‘साहित्य’, ‘क्राफ्ट क्लस्टर भेट’, ‘पदवी प्रकल्प’ असे वेगळे रकाने मागा. शिलाई मशीन, ओव्हरलॉक, ड्रेस फॉर्म यांची दुकानदाराची कोटेशन जोडा. कर्ज एकदा मंजूर झाल्यावर रक्कम वाढवून घेणं म्हणजे नव्याने सगळी प्रक्रिया.

देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. त्यावर ५ टक्के, परदेशासाठी १५ टक्के. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. त्याला अपवाद म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना: निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत. केंद्र सरकारच्या संस्था यात येतात, तरी आपल्या शाखेचं नाव पोर्टलवरच्या यादीत पाहूनच बँकेत जा. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर हप्ते सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळते. साडेचार लाखांच्या आत असाल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. ओबीसी कुटुंबांनी राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजनाही बघावी. तिथे कर्ज बँकेचंच असतं, व्याज महामंडळ परत करतं.

परदेशी जाणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत क्रमवारीवरून होते. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथी या मराठा-कुणबी समाजासाठीच्या राज्य संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती, दोन्ही क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांचीच अट घालतात, आणि ती एकूण क्रमवारी धरतात, विषयाची नाही. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला आणि डिझाइन या विषयात वर्षानुवर्षं पहिलं आहे. सेंट्रल सेंट मार्टिन्स, पार्सन्स ही नावं फॅशनच्या दुनियेत देव्हाऱ्यातली. पण निव्वळ कलेच्या या संस्था एकूण क्रमवारीच्या पहिल्या दोनशेत सापडत नाहीत. ऑफर लेटर हातात घेऊन मग हे कळणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. म्हणून उलट दिशेने शोधा: आधी पहिल्या दोनशेतली विद्यापीठं काढा, मग त्यांत फॅशन कुठे शिकवतात ते बघा. मिलानच्या पोलितेक्निकोत फॅशन सिस्टिमच्या डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे. लीड्स विद्यापीठात स्कूल ऑफ डिझाइन आहे. हाँगकाँग पॉलिटेक्निकमध्ये फॅशन आणि वस्त्राचं स्वतंत्र स्कूल आहे. मेलबर्नच्या आरएमआयटीत फॅशन डिझाइन आहे.

इटलीचा आणखी एक फायदा: तिथल्या प्रांतांची डीएसयू शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर मिळते आणि ती परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली असते. त्रास कागदांचा. उत्पन्न आणि मालमत्तेचे दाखले, त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का), मग इटालियन भाषांतर. दोन महिने हातात ठेवा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव अजून असेल तर वडिलांचा हिस्सा किती, हे स्पष्ट करणारा कागद आधी करून घ्या.

खासगी न्यासांत जे. एन. टाटा एंडोमेंट, के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया यांच्या कर्ज-शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. शेवटच्या दोन बिनव्याजी. हे पैसे फेडायचे असतात, हे घरच्यांना आधीच सांगा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला विषयाचं बंधन नाही, पण २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. कामाच्या अनुभवाची पत्रं म्हणून जपून ठेवा. इनलॅक्स या न्यासाने ज्या विषयांना पैसे देत नाही म्हणून यादी केली आहे, तिच्यात फॅशन डिझाइन आहे. तिथे अर्ज करून महिना घालवू नका. न्यासांना दाखवायच्या पोर्टफोलिओत नुसती सुंदर चित्रं नकोत: कल्पना, कापडाचे तुकडे, फ्लॅट ड्रॉइंग (पोशाखाचं सपाट रेखाचित्र), मापांसह स्पेक शीट आणि एका पोशाखाची कॉस्टिंग शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता. निवड समितीत फॅशनचा माणूस असेलच असं नाही, आणि कॉस्टिंग शीट कुणालाही समजते.

आता कागद, कारण अर्ज पात्रतेवर पडतात त्याहून जास्त कागदांवर पडतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून एप्रिलमध्ये नवा काढा. निफ्टसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात. राज्याचा नमुना काउन्सेलिंगला परत येतो. राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. मराठा विद्यार्थ्यांचा एसईबीसी दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. निकषांत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस काढा. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका, त्याला महिने लागतात. निफ्टच्या तयारीसाठी वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. बी.कॉम. करून पुन्हा फॅशनच्या पदवीला गेलात, तर समान पातळीचा दुसरा अभ्यासक्रम म्हणून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती मिळत नाही. त्याऐवजी पदव्युत्तरचा विचार करा.

शेवटची अडचण बँक खात्याची. ‘आधार लिंक आहे’ असं बँक सांगते, पण पैसे जातात ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारशी जोडलेल्या खात्यात. ते कधीतरी गॅससाठी उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं असू शकतं. माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, पाच मिनिटांचं काम आहे. महाडीबीटीचा अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि नंतर विभागाच्या कार्यालयात जातो. दर आठवड्याला स्थिती बघा, कारण त्रुटी काढून परत आलेला अर्ज मुदतीतच दुरुस्त करावा लागतो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राच्या हिश्श्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. ती कापडात गुंतवू नका, आणि भरल्याची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.