आंब्याखाली लावायचं ते पावसावर वाढणारं

आंबे उतरून झाले की परसातल्या कलमाखालची जागा मोकळी दिसू लागते आणि मृगाआधी तिथे काहीतरी लावावंसं वाटतं. लावा, पण आधी भर दुपारी झाडाखाली उभं राहून बघा. जमिनीवर कवडसे पडत असतील तर ठीक. मिट्ट काळोखी असेल तर आतल्या सुक्या, दाटीच्या फांद्या छाटा आणि कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

मिरची, वांगी, टोमॅटो इथे नकोत. उजेडाच्या ओढीने नुसती उंच जातात, फळ धरत नाहीत. त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. पाऊस सरला की हापूसला पाण्याचा ताण बसायला हवा, तरच मोहोर नीट येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खालच्या भाजीला पाणी घालत राहिलात तर मोहोराच्या जागी पालवी फुटेल. म्हणून पावसावर वाढून मग आपसूक पानं वाळून बसणारे कंदच इथे बरे.

माझी पहिली पसंती सुरणाला. पाव ते अर्धा किलोचा, मधल्या डोंबाचा (कोंब फुटतो त्या जागेचा) भाग असलेला तुकडा शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. दोन-अडीच फुटांवर एकेक लावा, वर शेणखत आणि आंब्याचाच पालापाचोळा पसरा. एरवी जाळला जाणारा पाला इथे कामी येतो. पानं पिवळी होऊन आडवी पडली की सुरण काढायला झाला. चिरताना खाजतोच; शिजवताना आमसूल विसरू नका.

त्याखालोखाल हळद. विरळ सावली तिला मानवते. फांद्यांवरून पडणारे टपोरे थेंब माती उधळतात, त्यामुळे सपाट जमिनीपेक्षा उंच केलेला गादीवाफा बरा. मात्र खोडापासून चार-पाच हात लांब राहा; कुदळीने मुळं तोडू नका आणि बुंध्याला मातीची भर घालू नका, साल कुजते.

मिरवेल, म्हणजे काळ्या मिरीची वेल, आंब्यावर चढवायचा मोह अनेकांना होतो. उन्हाळ्यात ती पाणी मागते, म्हणजे पुन्हा तोच पेच. ती माडा-पोफळीवर सोडा, तिथे पाणी असतंच.

आळू कडेला, पागोळीच्या ओळीत लावा. पानं श्रावण-भाद्रपदात हवी तेवढी खुडा. मोहोरावर फवारणी सुरू झाली की मात्र त्या झाडाखालचं पान घरात आणू नका.