चक्रीवादळानंतर बेपत्ता माणसाचा शोध घेताना या चुका टाळा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील विजेचे खांब आणि मोबाईलचे मनोरे काही तासांतच निकामी झाले. मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांना त्यानंतर कित्येक दिवस गावाकडची खुशाली कळत नव्हती. अशा वेळी ज्याच्याशी संपर्क तुटला आहे तो माणूस आणि जो खरोखरच बेपत्ता आहे तो माणूस, यांतील फरक घरच्यांना दिसेनासा होतो. शोधातील बहुतेक चुका या गोंधळातूनच होतात. म्हणून पहिला प्रश्न "फोन का लागत नाही" हा नसून "त्याला शेवटचे कोणी, कुठे आणि किती वाजता प्रत्यक्ष पाहिले" हा असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर पाहणाऱ्याच्या नावासह कागदावर लिहून ठेवले पाहिजे.

एकाच क्रमांकावर सतत फोन करणे

नातेवाईक दर पाच मिनिटांनी फोन करत राहिले, तर गावातल्या माणसाच्या मोबाईलची उरलीसुरली बॅटरी संपते आणि मनोऱ्यावरचा ताणही वाढतो. आवाजाचा कॉल जोडला जात नाही तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा पोहोचतो, म्हणून "सुखरूप असल्यास एवढेच कळवा" असा एक छोटा संदेश पाठवून वाट पाहणे अधिक उपयोगी ठरते. गावातल्या माणसांनी हेही लक्षात ठेवावे की आपल्या कंपनीचा मनोरा बंद असला, तरी 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कोणत्याही नेटवर्कवरून लागू शकतो. शिवाय अलीकडच्या काही चक्रीवादळांत दूरसंचार विभागाने एका कंपनीच्या ग्राहकांना दुसरीचे नेटवर्क वापरण्याची मुभा दिली होती. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून पाहण्यात काही बिघडत नाही.

फोन लागतच नसेल, तर माणसांमार्फत निरोप पाठवावा. कोकणात वाडी-वाडीची माहिती पोलीस पाटील, आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि सरपंच यांच्याकडे असते, आणि वीज जोडायला आलेला वायरमन किंवा रस्ता मोकळा होताच सुटणाऱ्या एसटीचा वाहकही चिठ्ठी पोहोचवू शकतो. मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने मात्र एकाच व्यक्तीला संपर्कप्रमुख नेमावे. पन्नास जणांनी पन्नास ठिकाणी चौकशी केली की एकाच माणसाबद्दल पाच वेगवेगळ्या बातम्या तयार होतात.

तक्रार देण्यासाठी चोवीस तास थांबणे

चोवीस तास उलटल्याशिवाय पोलीस बेपत्ता माणसाची नोंद घेत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. असा कोणताही नियम नाही. माणूस ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतून हरवला तेथे रस्त्याअभावी पोहोचता येत नसेल, तर आपल्या राहत्या जागेजवळच्या ठाण्यात माहिती द्यावी आणि ती संबंधित ठाण्याकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. अठरा वर्षांखालील मूल हरवले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 मधील निर्देशांनुसार गुन्हा नोंदवूनच तपास करावा लागतो, आणि मुलांसाठी 1098 हा स्वतंत्र मदतक्रमांकही आहे. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077 वर मिळतो आणि राज्याचा 1070 वर. फोन करून झाल्यावर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव, वेळ आणि नोंद क्रमांक लिहून घ्यावा, कारण पाळी बदलली की नव्या माणसाला सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

फक्त बोलीतले नाव सांगणे

ही चूक क्षुल्लक वाटते, पण शोध अडकतो तो बऱ्याचदा इथेच. गावात ज्याला सगळे बाबू, दादू किंवा आण्णा म्हणतात त्याचे आधारवरील नाव शेजाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि निवारा केंद्रातील यादी त्याच अधिकृत नावाने तयार झालेली असते. त्यातच एका गावात एकाच आडनावाची तीस-चाळीस घरे असतात, आणि मधलीवाडी, वरचीवाडी अशी नावे तर तालुक्यात जागोजागी सापडतात. त्यामुळे वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह पूर्ण नाव, बोलीतले नाव, वाडी, महसुली गाव, तालुका, वय, उंची, शरीरावरील खुणा, जुन्या शस्त्रक्रियेचे व्रण, दातांची ठेवण, नेहमीची औषधे आणि शेवटी अंगावर असलेले कपडे एवढे तपशील एकाच कागदावर असावेत. आदल्या वर्षीच्या लग्नातल्या सजलेल्या फोटोपेक्षा घरातला साधा, समोरून काढलेला, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो ओळख पटवायला जास्त कामाचा असतो.

मासेमारी नौकांवर हा प्रश्न आणखी बिकट होतो. कोकणातील अनेक नौकांवर नेपाळ, कर्नाटक, ओडिशा अशा ठिकाणांहून आलेले खलाशी काम करतात, आणि त्यांची पूर्ण नावे कधीकधी फक्त तांडेलालाच, म्हणजे नौकेच्या प्रमुखालाच, माहीत असतात. तांडेलही नौकेवरच असतो, हे मालकाने विसरू नये. नौका बंदर सोडण्यापूर्वी प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र आणि घरचा फोन क्रमांक किनाऱ्यावर, म्हणजे मालकाकडे आणि मच्छीमार संस्थेत, असलाच पाहिजे.

समुद्रात गेलेल्याला फक्त आपल्याच किनाऱ्यावर शोधणे

घरची मंडळी साहजिकच आपल्या बंदराच्या जेटीवर जाऊन उभी राहतात. पण वादळात सापडलेली नौका घराकडे परत येण्याऐवजी वाऱ्याच्या रेट्याने आणि तांडेलाच्या अंदाजाने जो आसरा मिळेल तिकडे जाते. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूतील 68 नौका 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सुखरूप पोहोचल्या होत्या. केरळात घरची माणसे ज्यांच्यासाठी समुद्राकडे डोळे लावून बसली होती, त्यांतील कितीतरी जण शेकडो किलोमीटर दूर देवगडच्या परिसरात होते. आपल्याकडची नौका हरवली, तर चौकशी उत्तरेला दाभोळ, हर्णै आणि पुढे गुजरातपर्यंत, तसेच दक्षिणेला वेंगुर्ले, गोवा आणि कारवारपर्यंत झाली पाहिजे. त्यासाठी तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093 आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे स्थानिक परवाना अधिकारी अशा तिन्ही ठिकाणी नौकेचा नोंदणी क्रमांक, रंग, निघण्याची वेळ आणि शेवटचा वायरलेस संपर्क कळवावा. फक्त नौकेचे नाव सांगून भागत नाही, कारण देवाच्या एकाच नावाच्या अनेक नौका प्रत्येक बंदरात असतात.

दुःखद शक्यतेच्या बाबतीतही हेच लागू पडते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात बुडालेल्या पी-305 या तराफ्यावर, म्हणजे समुद्रातील तेलक्षेत्रावरच्या कामगारांच्या निवासी बार्जवर, 261 जण होते. त्यातील मृतांपैकी काहींचे देह पुढे रायगडच्या किनाऱ्यावर, तर काहींचे थेट गुजरातमधील वलसाडपर्यंत वाहत गेले, आणि अनेकांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली. पाण्यात राहिलेल्या देहाची ओळख केवळ कपड्यांवरून किंवा चेहऱ्याच्या अंदाजाने पटवण्याची घाई कोणी करू नये. त्यात एक कुटुंब चुकीचा देह नेते आणि दुसरे कुटुंब आपल्या माणसाला कायमचे मुकते. नमुन्यासाठी शक्यतो आई-वडील किंवा मुले यांनी जावे, कारण त्यांच्याशी होणारी तुलना भावंडांपेक्षा अधिक स्पष्ट निष्कर्ष देते.

रुग्णालयात फक्त नाव विचारून परत येणे

बेशुद्ध माणूस नोंदवहीत "अनोळखी" म्हणून लिहिला जातो. म्हणून नावाची चौकशी झाल्यावर अनोळखी रुग्णांची नोंद आणि दुसरीकडे पाठवलेल्यांची नोंद, या दोन्ही स्वतंत्रपणे विचाराव्यात. गंभीर जखमीला ग्रामीण रुग्णालयातून पुढे नेले जाते, आणि ते नेहमी जिल्ह्याच्याच ठिकाणी असते असे नाही. सिंधुदुर्गातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाप्रमाणेच गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, रत्नागिरीतून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि रायगडातून अलिबाग किंवा मुंबईला रुग्ण जातात.

जुनी पोस्ट फिरत ठेवणे

व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या मजकुरात तारीख, वेळ आणि संपर्क क्रमांक असावा. आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील मुळीच नसावा. "माणूस आमच्याकडे आहे, आधी गाडीभाड्याचे पैसे पाठवा" असे सांगणाऱ्याला त्या माणसाशी बोलायला द्यायला सांगावे. माणूस सापडल्यावर तीच पोस्ट "सापडले" असे लिहून पुन्हा पाठवावी आणि पोलीस ठाण्यालाही कळवावे.

मदतीचे कागद नंतर बघू म्हणणे

घर कोसळलेले, माड आणि पोफळी आडव्या झालेल्या आणि घरातला एक जण सापडत नाही, अशा अवस्थेत पंचनाम्याचा विचार करणे कठोर वाटते. तरी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतील तेव्हा घरातले कोणीतरी हजर असले पाहिजे. साफसफाई आधी करावी लागली, तर तत्पूर्वी पडझडीचे फोटो काढावेत आणि पडलेली झाडे मोजून ठेवावीत. आपत्तीत मृत्यू झाल्यास आपत्ती प्रतिसाद निधीतून वारसांना 4 लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी पोलिसांकडील अकस्मात मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. तो टाळून घाईने अंत्यविधी उरकला की पुढे अडचण येते.

माणूस सापडतच नसेल, तर प्रश्न अधिक अवघड होतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 111 नुसार सात वर्षे ज्याची काहीही वार्ता नाही त्याचा मृत्यू गृहीत धरला जातो. मात्र मोठ्या आपत्तीत सरकार याला विशेष कार्यपद्धतीने अपवाद करू शकते. उत्तराखंडात 2013 च्या महापुरानंतर आणि 2021 च्या चमोली दुर्घटनेनंतर बेपत्तांच्या मृत्यूची नोंद अशा पद्धतीने लवकर झाली. त्या वेळी हाती लागतात ते पहिल्या दिवसाचेच कागद: बेपत्ता नोंदीची प्रत, खलाशांची यादी, नौकेचा परवाना आणि शेवटचे पाहणाऱ्याचा जबाब. यांच्या छायाप्रती घरात एक, मच्छीमार संस्थेत एक आणि मुंबईच्या नातेवाइकाकडे एक अशा तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि तहसील कार्यालयात देताना पोच घ्यावी.