मैत्रिणींना शिवणाला बोलवायचंय? मग असं करा

शनिवारी चौघीच बोलवा, जास्त नको, मशीन एकच असतं आणि मग नुसत्या गप्पाच होतात (त्याही हव्यातच म्हणा). पहिल्यांदा कापडी पिशवी घ्या शिवायला, ब्लाउजच्या नादी लागू नका. लक्ष्मी रोडवरून कॉटन आणलंत तर आधी धुऊन, वाळवून इस्त्री करा, नाहीतर नंतर आटतं, माझ्या पिशवीचं अस्तर आटून आख्खी पिशवी वाकडी झालीये. साध्या कॉटनला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६. जेवायला मसालेभात, सकाळीच तोंडली चिरून मसाला परतून ठेवा, ऐनवेळी तांदूळ आणि गरम पाणी घालून कुकर लावला की झालं, सोबत मठ्ठा. फक्त ताटं मांडायच्या आधी सगळं कापड उचला, तुपाचे हात लगेच लागतात!