जोडीदारावर खुनाच्या कटाचा संशय: पुरावा तोलताना या चुका टाळा

“दहाव्याच्या आधीच तिने विम्याचे कागद काढले!” आमच्या साताऱ्यात नवऱ्याच्या खुनाची चर्चा सुरू झाली की असलं एखादं वाक्य येतंच, आणि बायको तिथेच गुन्हेगार ठरते. पण सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तोंडावर असेल, तर कागद काढायला दीरच सांगतो. रडली नाही, फोन बंद ठेवला, माहेरी गेली: यांतल्या प्रत्येक गोष्टीला दुसरा साधा अर्थ असतो. वागणुकीने संशय येतो. त्याला पुरावा समजू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुवे मोजणं. दहा संशय एकत्र बांधले तरी एक पुरावा होत नाही. १९८४ च्या शरद सारडा खटल्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. पत्नीचा मृत्यू विषाने झाला होता, पण तिची पत्रं वाचता आत्महत्येची शक्यता पुसता येत नव्हती. तिथे घालून दिलेली कसोटी आजही चालते. आधी प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा. मग साखळी अशी हवी की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यताच उरू नये. “केलं असेल” आणि “केलंच असलं पाहिजे” यांत फार अंतर आहे.

सुपारी घेणाऱ्याने पोलिसांना सांगितलं, “वहिनीनेच पैसे दिले.” बातमीत हे छापून येतं, पण पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे पुरावा म्हणून सिद्धच करता येत नाही. त्याने दाखवलेल्या जागेवरून कोयता सापडला, तर त्या शोधापुरताच जबाब चालतो. पैशाचं वाक्य त्यात येत नाही. पैसे दिल्याचं वेगळं सिद्ध करावं लागतं: कुठून काढले, कोणाच्या हातात गेले, कोणी पाहिलं. या जागी तपास ढिला राहिला, तर कटाचा खटला कोसळतो.

मोबाइलच्या टॉवरचंही तसंच. टॉवर म्हणजे घराचा पत्ता नव्हे. यवतेश्वरच्या चढावरचा फोन खाली शहरातला टॉवर पकडू शकतो. शिवाय याच अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं आहे का, ते आधी पाहा. आणि दोघांत शंभर कॉल झाले म्हणजे ओळख आहे एवढंच कळतं. काय बोलले ते कळत नाही.

आता उलट चूक. “प्रत्यक्षदर्शी नाही, म्हणजे सुटणारच,” असं मयताच्या माहेरच्यांना कोणी सांगितलं तर ऐकू नका. बंद घरात मृत्यू झाला आणि जोडीदार घरात होता, हे सरकार पक्षाने सिद्ध केलं, तर खुलासा त्यालाच द्यावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे कलम १०६, आता साक्ष अधिनियमात १०९. २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन खटल्यात पत्नी साप चावून मेली असं सांगितलं गेलं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. तो खोटा खुलासा स्वतःच साखळीतला दुवा झाला. मात्र हे कलम सरकार पक्षाची मूळ जबाबदारी उचलून आरोपीवर टाकत नाही.

मी स्वतः वहीच्या पानावर उभी रेघ मारतो. डावीकडे सिद्ध झालेली गोष्ट, तारीख-वेळेसह. उजवीकडे तिचा दुसरा अर्थ, मला कितीही नको असला तरी.